खोबळा निवायच्या आत

खंडेनवमीच्या आदल्या रात्री शस्त्रे खुंटीवरून उतरवून साफ करायची, ही लालबागच्या त्या गल्लीतील व्यायाम मंडळाची जुनी रीत. १९६१ सालच्या त्या रात्रीही जेवणे आटोपून काही तरुण आखाड्याच्या कडेला पोती अंथरून बसले होते. कोणी बोथाटीचा फाळ विटेच्या पुडीने घाशीत होता, कोणी जांबियाला खोबरेल चोळीत होता, आणि कोणी कामाचे नाटक करून विडी ओढीत होता. मध्ये बसले होते शामराव. ते मंडळाचे हलगीवाले. गिरणीतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली होती. हलगीतून मात्र ते निवृत्त झाले नव्हते.

एकेक खुंटी रिकामी होत गेली. शेवटी वस्ताद बुधाजींच्या तसबिरीखालची एकच भरलेली उरली. तिच्यावर एक दांडपट्टा लटकत होता. गणपत उठला आणि त्याने त्याच्याकडे हात लांबवला.

"तो राहू दे, गणपत," शामराव म्हणाले.

"का? ह्याला काय गंज सुट्टी देतो?"

पोरे हसली. शामराव हसले नाहीत.

"बस खाली. तुम्हांला तो दत्तू माहीत आहे ना?"

"दारातला दत्तू?" एकाने विचारले. "गुरुपौर्णिमेला येतो, चपला हातात धरून उंबऱ्याबाहेर उभा राहतो, आणि आत ये म्हटलं की निघून जातो. तोच ना? थोडा हललेला आहे तो."

"हललेला नाही रे. ह्या मंडळात त्याच्यासारखा पट्टा फिरवणारा दुसरा झाला नाही. तळहातावर लिंबू ठेवा, लिंबाच्या दोन फोडी व्हायच्या आणि हाताला ओरखडा नसायचा. तो हल्ली आत का येत नाही, हे त्यानं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. मी पदरचं काही घालणार नाही. विड्या विझवा."

विड्या विझल्या. शामरावांनी त्या रात्री जे सांगितले, ते असे.

दांडपट्टा ही तलवारीची जात खरी, पण तलवारीला जशी उघडी मूठ असते तशी पट्ट्याला नसते. त्याचे लांब, लवचीक पाते एका लोखंडी नळकांड्याला जोडलेले असते. हात कोपरापर्यंत त्या नळकांड्यात घालायचा आणि आत जी आडवी मूठ असते ती अंधारातच, चाचपून पकडायची. ह्या नळकांड्याला खोबळा म्हणतात. मंडळात अशी रीत होती की वस्तादाचा पट्टा शिष्याला मिळतो तो खुंटीवरून मिळत नाही आणि ताटातूनही मिळत नाही. वस्तादाने आपला हात खोबळ्यातून बाहेर काढायचा आणि शिष्याने आपला हात आत घालायचा. तोही खोबळा निवायच्या आत. मुठीला गुरूच्या हाताची ऊब असतानाच ती धरली, तर तो नवा वस्ताद. निवल्यावर धरली, तर ते नुसते लोखंड.

ही रीत बुधाजींनी आपल्या वस्तादाकडून आणली होती, आणि आखाडाही त्यांनीच खणला होता. गिरणीची पाळी संपवून ते सरळ इकडे येत. चाळीतल्या ज्या पोरांना आई शिव्या घाली आणि बाप मार, ती पोरे त्यांनी गोळा केली; त्यांना लाठी शिकवली, लेझीम शिकवली, रविवारी हुतुतूचे डाव लावले, कधी सगळ्यांना ओळीने चालवत राणीच्या बागेत नेले. छप्पन सालच्या जानेवारीत मोर्च्यावर लाठ्या चालल्या तेव्हा मंडळाची पोरे पुढच्या रांगेत होती. बुधाजींनी त्यांना एका बोळात लोटले आणि बोळाच्या तोंडाशी ते एकटे उभे राहिले. पोरांपैकी कोणाला खरचटलेही नाही. वस्तादांचा डावा खांदा मात्र पुढे कधी नीट उचलला गेला नाही.

त्याच वर्षीच्या दसऱ्याला ते नागपूरला जाऊन बुद्धधर्माची दीक्षा घेऊन आले. परत आल्यावर त्यांनी कार्याध्यक्ष अप्पांना साधेपणाने सांगितले, "आता मारुतीपुढचा दिवा माझ्याकडून लागणार नाही. तो दुसऱ्या कोणीतरी लावावा. दिवा तुमचा, माती माझी. मी शिकवीन."

अडचण अशी होती की जो दिवा लावतो तोच आखाडा उघडतो, आणि जो आखाडा उघडतो तो वस्ताद. अप्पांनी कार्यकारिणी बसवली. त्या बैठकीत वस्तादांना जा असे कोणीही म्हटले नाही. अशा बैठकांत तसे म्हणत नाहीत. इतकेच ठरले की उद्या संध्याकाळी दिवा दत्तूने लावावा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बुधाजी नेहमीच्या वेळेला आले. रोजच्यासारख्या चपला काढून त्यांनी हातात घेतल्या आणि ते दारात उभे राहिले. आत मारुतीच्या कोनाड्यापाशी दत्तू होता. त्याच्या एका हातात काडी होती, दुसऱ्यात पेटी. दत्तूने एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा अप्पांकडे पाहिले, आणि काडी ओढली. दिवा लागला. बुधाजींनी चपला खाली ठेवल्या, पायात घातल्या, आणि ते गेले.

"बस, एवढंच?" गणपतने मध्येच विचारले.

"एवढंच. काडी ओढायला किती वेळ लागतो?"

पुढे करी रोडच्या पुलापलीकडच्या एका मोकळ्या जागेत, रस्त्यावरच्या दिव्याखाली, वस्ताद शिकवीत राहिले. पोरे आधी आली, मग कमी आली. एकोणसाठच्या आषाढात त्यांची छाती भरली आणि ते गेले. मंडळातून तिरडीला खांदा द्यायला कोणी गेले नाही.

साठ साल उजाडले. एक मेला महाराष्ट्र राज्य होणार हे ठरले. लालबाग-परळात माळा लागल्या, कमानी उभ्या राहिल्या. मंडळाच्या कार्यक्रमाला एक पुढारी यायचे होते, आणि मंडळाला पक्की इमारत हवी होती. तेव्हा अप्पांना आठवले की संयुक्त महाराष्ट्रासाठी खांद्यावर लाठी झेललेला एक माणूस आपल्याकडे होता. तसबीर तयार झाली. तिच्याखाली लिहिले, "अखेरच्या श्वासापर्यंत मंडळाचे आधारस्तंभ." तसबिरीचे अनावरण व्हायचे, आणि त्याच समारंभात वस्तादांचा पट्टा चढवून दत्तू लिंबू कापणार आणि नवा वस्ताद म्हणून जाहीर होणार, असा बेत ठरला.

दत्तूला ते हवे होते. शामरावांनी हे विशेष स्पष्ट करून सांगितले. साडेतीन वर्षे तो रोज दिवा लावीत होता, पोरांना शिकवीत होता. पण एकही पोर त्याला वस्ताद म्हणत नव्हते. दत्तूदादा म्हणत. तो एक शब्द ऐकण्यासाठी तो झुरत होता.

शनिवार, तीस एप्रिल १९६०. रात्रीचे नऊ वाजून गेले होते. अप्पा म्हणाले, "दत्तू, तेवढा पट्टा त्यांच्या घरून घेऊन ये. सकाळी धावपळ नको." दत्तूने सदरा बदलला आणि तो निघाला.

बुधाजींची खोली करी रोडच्या पुलापलीकडच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर होती. दार उघडे होते. कौसल्याबाई जमिनीवर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कोण, दत्तू? ये. का दारातच उभा राहणार? आमच्याकडं आत यायला बंदी नाय कुणाला."

"काकी, अप्पांनी पाठवलंय."

"ते आलंच. त्यांनी पाठवल्याबिगर तू कशाला येशील?"

दत्तू आत आला, पण बसला नाही. "उद्या वस्तादांच्या तसबिरीचं अनावरण आहे. तुम्हांला पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय."

"त्यांना दारात उभं केलं आणि मला खुर्ची. बरं हाय." त्यांनी एक घडी दुसऱ्या घडीवर ठेवली. "तसबीर कुठनं काढलीत? आमच्याकडं तर कोण मागायला आलं नाय."

"लेझीमच्या ग्रुप फोटोतून मोठी करून घेतली."

"म्हंजे शेजारी तू बसलेलास, तोच फोटो. तुला कापला आसंल मग. नीट कापला ना? नायतर कान राहायचा बाजूला."

दत्तू म्हणाला, "पट्टा हवा होता. समारंभासाठी."

कौसल्याबाईंचे हात थांबले. भिंतीवर, जुन्या धोतरात गुंडाळलेला, पट्टा टांगलेला होता. दोघांनीही तिकडे पाहिले नाही.

"मी देणारी कोण?" त्या म्हणाल्या. "तो कसा द्यायचा असतो हे मला म्हाईत हाय, तुलाबी म्हाईत हाय. ते गेले त्या राती त्यांनी शेजारच्या भिवाला तुझ्याकडं धाडला होता. भिवा येऊन म्हणाला, दत्तूदादा कपडे घालून निघालाय. निघाला होतास ना?"

"हो."

"मग?"

"जिन्यापर्यंत आलो होतो, काकी."

"ते मला म्हाईत हाय. त्यांनाबी म्हाईत होतं. पट्टा चढवून बसले होते, श्वास लागला होता, तरी हात वर करून मला म्हणाले, थांब, बोलू नको, जिन्यात पावलं वाजतायत. दत्तू हाय. उजवा पाय दाबून टाकतो तो, किती सांगितलं तरी ऐकत नाय." त्यांनी हातातला कपडा खाली ठेवला. "आम्ही थांबलो. मग म्हणाले, गेला."

खाली चाळीच्या चौकात कोणीतरी ध्वनिक्षेपक तपासून पाहत होते. हॅलो, हॅलो. मग तेही बंद झाले.

"पहाटेपर्यंत हात आत होता. मी म्हटलं, काढा आता, लोखंड गार लागत आसंल. म्हणाले, गार कुठं, गरम हाय अजून, येईल तो. तसेच गेले. मुठीवरची बोटं सुटेनात, दत्तू. आत दिसत नाय, काय नाय. कोमट पाणी ओतून ओतून सोडवली मी."

दत्तूला काहीतरी बोलायचे होते. त्याने तोंड उघडले, आणि जे बाहेर आले ते असे होते: "उद्या पुढारी येणार आहेत, काकी. पत्रिकेत माझं नाव छापलंय."

कौसल्याबाईंनी प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते, असे दत्तू नंतर म्हणाला.

"घे," त्या म्हणाल्या. "मी अडवत नाय. पण मी दिला, असं उद्या मायकावर बोलू नको."

त्याने तो खुंटीवरून स्वतःच्या हाताने काढला.

परत येताना करी रोडचा पूल ओलांडेपर्यंत काही विशेष घडले नाही. रस्ता उजेडात न्हाला होता. पानाच्या ठेल्यावर माणसे उद्याच्या मिरवणुकीविषयी वाद घालीत होती. एकाने हाक मारली, "काय दत्तूशेठ, खांद्यावर काय, मासा काय?" दत्तूने हात हलवला. पट्टा धोतरात गुंडाळलेलाच होता. खोबळा पुढे, पाते मागे, असा त्याने तो खांद्यावर घेतला होता. पट्ट्याचे पाते पातळ. माणूस चालू लागला की ते पावलागणिक लवते आणि खांद्याला त्याचा हिसका जाणवत राहतो. ज्याला सवय आहे त्याला त्या हिसक्यावरून स्वतःच्या पावलांचा ठेका कळतो.

पूल उतरला. पुढे गिरणीची लांब भिंत लागते. तिथे माळा नव्हत्या. वैशाखाची कोवळी कोर कधीच भिंतीआड गेली होती.

भिंतीच्या मध्यावर आल्यावर दत्तूच्या लक्षात आले की पाते लवत नाही.

तो चालत होता आणि पाते स्थिर होते.

त्याला वाटले, धोतर घट्ट बसले असेल. तो आणखी काही पावले गेला. मग ओझे कमी झाले. थोडे नव्हे... निम्मे. लांब वस्तू दोघांनी मिळून न्यावी, पुढचा पुढे आणि मागचा मागे, आणि मागच्याने आपले टोक खांद्यावर घ्यावे, तसे.

दत्तू थांबला. मागे कसलाच आवाज नव्हता.

तो चालू लागला. मागून पावले आली नाहीत, हे त्याने शपथेवर सांगितले. पावले त्याचीच होती. पण त्या रिकाम्या भिंतीशेजारी ती त्याला प्रथमच नीट ऐकू आली. उजवा पाय दाबून पडत होता.

त्याने मागे वळून पाहिले नाही. तिरडीला खांदा देणारा मागे वळून पाहत नाही, हे त्याला नेमके त्या वेळी आठवले, आणि का आठवले तेही त्याला कळले.

मंडळाच्या दारात तो पोहोचला तेव्हा ओझे पुन्हा पूर्ववत झाले होते. गल्लीत माळा होत्या, कुत्री होती, समोरच्या गॅलरीत कोणी खोकत होते. माणूस उजेडात आला की अंधारातले खोटे वाटू लागते. दत्तूने कुलूप काढले, चपला काढल्या, आत जाऊन मारुतीपुढचा दिवा लावला. तसबीर केशरी कापडाने झाकलेली होती. आखाड्याची माती उद्यासाठी खणून, ताक आणि हळद घालून, फावड्याने सारखी केलेली होती. ओल्या मातीचा आणि लिंबांचा वास येत होता.

त्याने पट्टा धोतरातून सोडवला. उद्या चारचौघांत प्रथमच हात आत घालण्यापेक्षा एकदा घालून पाहावा, असे त्याने स्वतःशी म्हटले. विचारात गैर काही नव्हते. कोणताही खेळाडू हेच करील.

तो मातीत उतरला. चिमूटभर माती कपाळाला लावली. डाव्या हाताने खोबळा धरला आणि उजवा हात आत घातला.

मनगट आत गेले.

कोपराखालचा हात आत गेला.

आत ऊब होती.

दत्तू तसाच उभा राहिला. उन्हाळ्याचे दिवस, लोखंड तापते, हे त्याने मनात म्हणून पाहिले. पण ती ऊब लोखंडाची नव्हती. ती सगळीकडे सारखी नव्हती. आत, खोल, मुठीपाशी ती होती.

त्याने बोटे पुढे नेली. मूठ चाचपली.

मूठ सापडली नाही.

मुठीवर आधीच मूठ होती.

कोरडी. घट्टे पडलेली. ताप असलेल्या माणसाच्या हातासारखी गरम.

दत्तूने हात मागे ओढला. हात आला नाही. कोणी धरला नव्हता. तो नुसता आला नाही.

"वस्ताद..." तो म्हणाला.

मग पट्टा हलला. हळूहळू. शिकवतात तसा. पहिला पवित्रा. दत्तूचा पाय आपोआप सरकला... उजवा दाबून पडला. पाते थांबले. पुन्हा तोच पवित्रा. पुन्हा पाय दाबून पडला. पाते पुन्हा थांबले. तिसऱ्या वेळी पाय हलका पडला.

पट्टा पुढे निघाला.

आखाड्याची कड आली. कोनाडा आला. पाते वर उचलले गेले आणि दिव्यापाशी क्षणभर तसेच राहिले...

वारा नव्हता. पणती हलली नाही. तेल सांडले नाही. ज्योत मात्र वातीवरून निघून गेली, जशी लिंबाची फोड तळहातावरून निघून जाते.

काळोख.

त्या काळोखात दत्तू वाट पाहत राहिला. आता घाव बसेल. तो आपला आहे, तो घ्यायचा, असे त्याने ठरवले होते. डोळे मिटले.

घाव बसला नाही.

खोबळ्याच्या आत, त्याच्या बोटांखाली, ती दुसरी बोटे उलगडू लागली. करंगळी. मग तिच्याजवळचे. एकेक. जड, दुखऱ्या हाताची असावीत तशी. मूठ मोकळी झाली. तो हात बाजूला सरला. आडव्या मुठीवर आता जागा होती, आणि ती गरम होती.

जागा त्याच्यासाठी केली होती.

खूप वेळ कोणीच काही केले नाही.

मग दत्तूने हात बाहेर काढून घेतला. या वेळी तो सहज निघाला.

"निघाला?" एका पोराने हळूच विचारले. "पण का? दिला होता ना वस्तादांनी?"

शामरावांनी त्याच्याकडे पाहिले. "हेच मी त्याला विचारलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी हलगी शेकायला लवकर आलो, तर हा उंबऱ्याबाहेर बसलेला. चपला हातात. म्हटलं, दत्तू, भुताला भ्यालास? तर म्हणाला, 'भुताला नाही भ्यालो, शामराव. ते रागावले असते तर मी मूठ धरली असती. मारलं असतं तरी धरली असती. त्यांनी जागा करून दिली. मग मला धरवेना.'"

आतले दृश्य शामरावांनी स्वतः पाहिले होते, आणि त्याविषयी ते जपून बोलले. दिवा विझलेला होता. दिवे विझतात, त्यावरून काही सिद्ध होत नाही. माती तुडवलेली होती, आणि पावले एकाच माणसाची होती. पट्टा मातीत पडला होता. शामरावांनी तो पात्याकडून, फडक्यात धरून उचलला आणि तसबिरीखालच्या खुंटीला लावला. त्यांनी खोबळ्याला हात लावला नाही. का लावला नाही, हे त्यांनी सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही.

समारंभ ठरल्याप्रमाणे झाला. पुढारी उशिरा आले आणि लवकर गेले. कौसल्याबाई आल्या नाहीत. पहिल्या रांगेतील त्यांच्या खुर्चीवर हारांची करंडी ठेवली होती. अप्पांनी भाषण केले, त्यात बुधाजींचा खांदा तीन वेळा आला. त्यांचे चपला हातात धरून दारात उभे राहणे एकदाही आले नाही. मग दत्तूचे नाव पुकारले गेले. दत्तू दारात उभा होता. उंबऱ्याबाहेर. चपला हातात. पुन्हा नाव पुकारले. तो हलला नाही. लोक माना वळवून पाहू लागले. तेव्हा अप्पांनी मायक जवळ ओढून म्हटले, "बघा, ही खरी गुरुभक्ती. गुरूच्या आखाड्यात पाऊल टाकायलाही शिष्य स्वतःला लायक समजत नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खूप वेळ वाजवल्या. दत्तू त्या संपेपर्यंत उभा राहिला, मग त्याने चपला खाली ठेवल्या, पायात घातल्या, आणि तो गेला.

"आणि इमारत?" कोणीतरी विचारले.

शामरावांनी डोक्यावरच्या पत्र्याकडे पाहिले. कोणी हसले नाही.

बाहेर गल्ली निजली होती. घासलेली शस्त्रे पोत्यावर ओळीने पडली होती. उद्या त्यांना झेंडू आणि कुंकू लागणार होते. शामराव गुडघ्यावर हात टेकून उठले आणि हलगी काखेत घेऊन दाराशी गेले.

"शामराव," गणपत म्हणाला. त्याचा आवाज मघासारखा नव्हता. "गोष्ट छान सांगता तुम्ही. पण दीड वर्ष झालं. निदान वरून तरी पुसून घेतो. गुरूचं शस्त्र आहे, नवमीला धूळ बरी नाही."

"पुस," शामराव म्हणाले. "मी कुठं अडवलं? आत हात घालू नको म्हणजे झालं."

गणपतने फडके घेतले. पाते खालपासून वर पुसत आणले. मग खोबळ्यावर फडके फिरवले आणि तो थांबला. त्याने फडके दुसऱ्या हातात घेतले, आणि तापल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा मोकळ्या हाताचा उलटा तळवा लोखंडाला लावला.

पोरे त्याच्याकडे बघत होती. त्याने तळवा काढला. पुन्हा लावला.

"काय रे?" एकाने विचारले.

गणपतने हळूच दाराकडे पाहिले. शामराव निघून गेले होते.

खोबळा अजून निवलेला नव्हता.